पांढऱ्या गुलाबाच्या कडा तपकिरी, कळ्या उमलत नाहीत – कीड आहे की बुरशी?

गच्चीवाली_नाशिक

नमस्कार मंडळी,

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ तिसऱ्या मजल्यावर आमची गच्ची आहे. ऊन दुपारी तीनपर्यंत भरपूर. गुलाब सगळे बारा-चौदा इंची कुंड्यांत. ऑक्टोबरात छाटणी केली, शेणखत आणि निंबोळी पेंड घातली आणि डिसेंबरचा बहर असा आला की शेजारीण खास फोटो काढायला वर यायची. जानेवारी सरत आला तसं बिनसायला लागलं. आता फेब्रुवारी संपतोय आणि धड एक फूल देवाला वाहता येत नाही.

आइसबर्ग या पांढऱ्या जातीची तऱ्हा सगळ्यात वाईट. कळी फुगते, पांढरा रंग दिसायला लागतो, तोवर कडा तपकिरी झालेल्या असतात. मग अर्धी उमलून तशीच आखडून बसते. ज्या थोड्या उमलल्या त्यांच्या पाकळ्यांवर मोहरीएवढे गुलाबी ठिपके आहेत, काहींना भोवती गडद कडं. ग्लॅडिएटर उमलतो, पण त्याच्या गडद गुलाबी पाकळीवर पांढुरके ओरखडे दिसतात, आणि शेंड्याची कोवळी पानं वेडीवाकडी, हाताला कडक लागतात. डबल डिलाइट आणला तेव्हा आत मलईरंग आणि कडेला लाल असा होता. आता दोन-तीन दिवसांत सबंध फूलच लाल होतं. आणि एका कलमाच्या पानांचे कडेने अर्धगोल तुकडे कोणीतरी कापून नेलेत, अगदी स्वच्छ. किडा म्हणून मात्र एक दिसत नाही.

जवळच्या दुकानात फोटो दाखवला. त्याने नीट न बघताच "मावा आहे" म्हणून साध्या बाटलीत पांढरं औषध ओतून दिलं. लेबल नाही. नाव विचारलं तर "गुलाबाचंच आहे, मारा बिनधास्त." अजून मारलेलं नाही. सासूबाई म्हणतात तंबाखूचं पाणी मार. खालचे काका म्हणतात बोअरच्या पाण्यातला क्षार चढलाय. पाणी मी ऑफिसातून आल्यावर, संध्याकाळी सात-साडेसातला पाइपने वरून घालते.

आणखी एक. याच रांगेत गावठी गुलाब आहे, त्याच्या पाकळ्यांचा दरवर्षी चैत्रात गुलकंद घालतो. त्यामुळे काय मारायचं ते फार जपून सांगा.

हौशी_माळी_सातारा

कडा तपकिरी म्हणजे पोटॅश कमी पडतंय. केळीच्या साली भिजवून ते पाणी द्या, एप्सम सॉल्ट चमचाभर. आमच्याकडे फरक पडला.

पॉलीहाऊसवाला_मावळ

सातारकर, पोटॅश कमी पडलं तर आधी जुन्या पानांच्या कडा करपतात. इथे जुनी पानं बरी आणि कळी खराब, तेही एकाच जातीची जास्त. क्षाराचंही तेच. क्षार पानाच्या टोकाला दिसेल, कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसेल. तो काय आइसबर्गवर राग धरून बसणार नाही.

ताई, ती बाटली आहे तशी दुकानदाराला परत करा. लेबल नाही म्हणजे प्रमाण कळत नाही, मात्रा कळत नाही, आणि उद्या कोणाच्या पोटात गेलं तर डॉक्टरला सांगायला नावसुद्धा नाही. तळेगावच्या पॉलीहाऊसमध्ये फवारणी बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. तिथे पहिला नियम हाच होता, की किडीचं नाव वहीत लिहिल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही.

तुमच्या वर्णनात एक रोग नाही, चार-पाच वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातल्या दोन तर आजारच नव्हेत. त्या आधी उरकतो.

डबल डिलाइट लाल होतो तो उन्हामुळे. त्या जातीचा रंग उन्हातल्या अतिनील किरणांनी चढतो, म्हणून फूल जसजसं जुनं होतं तसतसं लाल होत जातं. सावलीत उमललं तर मलईरंगच जास्त दिसेल. त्याचं कौतुक करा, औषध नको. आमच्याकडे याच्या उलट डोकेदुखी असायची. लाल डच गुलाबाच्या कडा थंडीच्या दिवसांत काळ्या पडायच्या, आणि त्यासाठी अतिनील किरणं अडवणारा कागद छतावर घालावा लागायचा. उघड्यावर लाल गुलाबाची कड जानेवारीत काळपट झाली तर लोक बुरशीनाशक मारतात. रात्रीची थंडी आणि दिवसाचं कडक ऊन, एवढंच असतं ते.

पानाचे अर्धगोल तुकडे नेणारी पानकापी माशी. मधमाशीच्या कुळातली आहे, पण पोळं करत नाही, एकटी राहते. एखाद्या भोकात, पोकळ काडीत पिल्लांसाठी त्या तुकड्यांचं अस्तर लावते. पान खात नाही, झाडाचं काही बिघडवत नाही. तिला मारू नका. फवारा मारताना आधी तिचीच आठवण ठेवा, खाली सांगतो.

आता खरे दोषी. ग्लॅडिएटरवरचे पांढुरके ओरखडे, कडक वाकडी पानं आणि आइसबर्गच्या न उमलणाऱ्या कळ्या हे तिन्ही एकत्र वाचले की फुलकिडे. आम्ही थ्रिप्स म्हणतो. मावा असता तर दिसला असता. तो शेंड्यावर, कळीच्या देठाला हिरवा किंवा काळपट चिकटून बसतो, झटकला तरी हलत नाही, आणि खालची पानं चिकट होऊन मुंग्या लागतात. फुलकिडा लाजरा. एक-दीड मिलीमीटरचा, पिवळट किंवा तपकिरी, मिटलेल्या पाकळ्यांच्या घडीत शिरून बसतो. तो पाकळीची वरची साल खरवडतो आणि रस चोखतो. रिकाम्या झालेल्या पेशींत हवा भरते, म्हणून गडद पाकळीवर ते पांढरं, चंदेरी दिसतं. पांढऱ्या, पिवळ्या, अबोली पाकळीवर तीच जागा वाळून तपकिरी होते. एकाच किडीचे दोन जातींवर दोन रंग, म्हणून माणूस फसतो. आणि फिका रंग, सुवास हे त्याला जास्त आवडतं. आइसबर्गचे भोग तिथले आहेत.

खात्री करून घ्या, माझ्या शब्दावर जाऊ नका. सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमाराला एक अर्धी उमललेली कळी घ्या. तिच्यात तोंडाने दोन-तीन उबदार फुंकरा घाला, म्हणजे आतले किडे हलायला लागतात. मग पांढऱ्या कागदावर ती बोटाने टकटक झटका. आधी परागकण आणि धूळ पडेल. कागद उन्हात धरून मिनिटभर नुसतं बघा. त्या धुळीतले काही कण चालायला लागतील. लांबट, टोकदार, स्वल्पविरामाएवढे. फिकट पिवळे आणि बिनपंखी ती पिल्लं, काळपट-तपकिरी ती मोठी. मग कळीची एकेक पाकळी खालून सोला, बुडाशी बघा. तिथे काळे बारीक ठिपके असतील तर ती त्यांची विष्ठा. घड्याळजीकडचं दहापट भिंग मिळालं तर उत्तम.

आइसबर्गचे गुलाबी ठिपके मात्र फुलकिड्याचे नव्हेत. ओरखडा लांबट असतो, ठिपका गोल. गोल, गुलाबी, भोवती कडं, मध्ये पाणचट – ही बोट्रायटिस, करडी बुरशी. थंड रात्र, दव आणि पाकळीवर तासन्‌तास राहिलेलं पाणी एवढं तिला पुरतं. तुमचं संध्याकाळचं वरून पाणी म्हणजे तिला घरपोच जेवण. आइसबर्गच्या कळीवर थंडीत सरसकट गुलाबी झाकही येते, ती निरोगी असते. शंका असेल तर दोन ठिपकेवाल्या पाकळ्या झाकणाच्या डब्यात ओल्या टिश्यू पेपरवर ठेवा. दोन दिवसांत राखाडी लव उगवली की निकाल लागला. हा डबा आमच्याकडे व्हॅलेंटाइनच्या मालाच्या वेळी रोज भरायचा. ही बुरशी पॅकिंगला दिसत नाही. फूल स्वच्छ जातं आणि खोक्यात, वाटेत, ओल धरली की डाग उठतात. खोकं उघडणारा परदेशात बसलेला असतो आणि शिव्या इकडे मावळात येतात.

तुमच्या गावात फेब्रुवारी-मार्च हा दोघांच्या बदलीचा काळ. रात्रीचा गारवा गेला की बुरशी आपसूक मागे हटेल, पण ऊन वाढलं की फुलकिडे दुप्पट जोमाने येतील. त्यात द्राक्षावर आणि मिरचीवर जो फुलकिडा असतो, तोच गुलाबाची पानं वाकडी करतो. मिरचीची पानं आखडतात तो चुरडा-मुरडा बघितला असेल ना, त्यातला एक कारणीभूत हाच. आसपास रांगडा कांदा निघत असेल, तर त्यावरचे फुलकिडेही हिरवं काही शोधत उडतात. पंख झालरीचे, वाऱ्यावर लांब जातात. तिसरा मजला त्यांना काही उंच नाही.

आता उपाय. रंग दिसायला लागलेली प्रत्येक कळी आणि प्रत्येक फूल आज कापा. सगळी, चांगली दिसणारीसुद्धा. पिशवीत घालून तोंड बांधा, दोन दिवस उन्हात ठेवा, मग कचऱ्यात. कंपोस्टमध्ये नको. मन होत नाही हे माहीत आहे, पण निम्मी कीड त्याच फुलांत आहे. कुंडीवरचा पालापाचोळा, गळलेल्या पाकळ्या उचला, वरची दोन बोटं माती खुरप्याने हलवा, कारण हा किडा कोषात जायला मातीत आणि पाचोळ्यात उतरतो. पाणी सकाळी, बुडाशी.

मग फवारा. निंबोळी अर्क ५ टक्के, म्हणजे लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्री भिजवून सकाळी फडक्यातून गाळायची आणि थोडं साबणाचं पाणी घालायचं. नाहीतर बाजारचं १०,००० पीपीएमचं नीम, लिटरला २ मिली. दर पाच-सहा दिवसांनी, तीन वेळा तरी. एकदा मारून काही होत नाही, कारण अंडी पाकळीच्या आणि पानाच्या आत घातलेली असतात, तिथवर औषध पोचत नाही. उन्हाळ्यात अंड्यापासून मोठा किडा व्हायला पंधरवडा-तीन आठवडे लागतात, म्हणजे प्रत्येक खेपेला नवी पिल्लं बाहेर आलेली सापडतात. एवढ्यानेही नाही हटलं तर स्पिनोसॅड ४५ एससी हे कीटकनाशक, लिटरला ०.३ मिली. सुईशिवायच्या इंजेक्शनच्या सिरिंजने मोजा, झाकणाने नको. सूर्य मावळल्यावर मारा. ओलं असताना ते मधमाश्यांना आणि त्या पानकापी माशीला घातक आहे, सुकल्यावर बरंच कमी होतं.

दुकानदार मुळातून देण्याचं औषध सुचवेल. ते पाण्याबरोबर पानांत चढतं, पाकळीत फार कमी पोचतं. आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक तर अजिबात नको. त्याने ढालकिडे, जाळीदार पंखांचा हिरवा क्रायसोपा असे आपले सगळे राखणदार मरतात आणि मागून लाल कोळी येतो. मग पानाखाली जाळं, पानं फिकट, आणि पुन्हा इथेच तुमचा नवा प्रश्न.

कडुनिंबाची_सावली

दादांनी छान सांगितलंय, पण स्पिनोसॅडची घाई कशाला? पुण्यात माझ्या गॅलरीत निळे चिकट सापळे लावते, फुलकिडे त्यावर येतात. पिवळे पांढऱ्या माशीला आणि माव्याला. वीस-पंचवीस कुंड्यांना दोन-तीन पाट्या कळीच्या उंचीला पुरतात.

तंबाखूच्या पाण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी बोलते. निकोटिन कातडीतून अंगात जातं. बादलीत हात घालून ढवळणाऱ्याला गरगरतं, मळमळतं. घरगुती आहे म्हणून सौम्य आहे असं काही नाही. सासूबाईंना माझ्यातर्फे सांगा, पूर्वी मारायचे हे खरं, आता त्याहून बरं काही मिळतं.

आणि गुलकंदाच्या झाडावर नीमसुद्धा मारू नका. पाकळीला कडू वास राहतो, साखरेतही लपत नाही.

पॉलीहाऊसवाला_मावळ

सापळे लावाच, पण सापळा हा हजेरीपट आहे, इलाज नव्हे. आठवड्याला किती चिकटले ते बघायचं. वाढत असतील तर फवारणी चुकतेय. फुलकिड्याचा मुक्काम कळीत, त्यामुळे पाटीवर येतो तो हौशी.

गुलकंदाचं बरोबर बोललात, माझ्याकडून राहून गेलं होतं. ताई, गावठीची कुंडी रांगेतून काढून गच्चीवर वारा जिकडून येतो त्या कोपऱ्यात न्या, बाकीच्यांना मारताना फवाऱ्याचा तुषार तिकडे जाऊ नये. तिला फक्त सकाळी पाण्याचा जोरदार फवारा, पानाच्या खालून. त्याने लाल कोळी आणि मावा दोन्ही धुऊन जातात. ऊन लगेच असतं, त्यामुळे ओल टिकत नाही. फूल उमलल्या उमलल्या पहाटे तोडा, किडे जमायला वेळ देऊ नका. आणि नर्सरीतून नवीन आणलेल्या झाडाच्या पाकळ्या कधीच गुलकंदाला घेऊ नका. तिथे काय काय मारलेलं असतं ते कुंडीवर लिहिलेलं नसतं.

एडिसनचा_पाटील

न्यू जर्सीतून लिहितोय. तुमच्याकडे किडा शोधायला भिंग लागतं, आमच्याकडे तो जेवायला बसलेला दिसतो. जपानी भुंगेरे. अंग तांब्याच्या रंगाचं, डोकं हिरवं, जून-जुलैत थव्याने गुलाबावर. पाकळ्या सबंध खातात, पानाची नुसती जाळी उरते. अमेरिकेत ते पहिल्यांदा सापडले ते याच राज्यात, १९१६ साली. उपाय साधा. सकाळी थंडीने सुस्त असतात तेव्हा साबणाच्या पाण्याचं भांडं खाली धरून फांदी हलवायची, टपाटप पडतात. गंधाचे सापळे मिळतात, पण ते शेजाऱ्याच्या बागेतले भुंगेरेसुद्धा आपल्याकडे बोलावतात. शेजाऱ्याला भेट द्यावेत असे.

नाशिकला असं काही येतं का?

पॉलीहाऊसवाला_मावळ

तो नाही, पण त्याचे चुलते आहेत. हुमणीचे भुंगेरे. वळवाचे, नाहीतर मृगाचे पहिले पाऊस झाले की तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात, कडुनिंबावर, बाभळीवर बसतात, आणि गुलाबाची पानं रात्रीत कुरतडतात. सकाळी पान खाल्लेलं आणि किडा गायब, असं जूनमध्ये दिसलं तर रात्री टॉर्च घेऊन जा. इलाज तोच, साबणाचं पाणी.

गच्चीवाली_नाशिक

सगळ्यांचे आभार. बाटली परत केली. दुकानदार म्हणाला पैसे नाही मिळणार. म्हटलं राहू देत.

कागदाचा प्रयोग केला. आधी काहीच नाही, नुसते पिवळे कण. उठणार तेवढ्यात एक कण सरळ कागदाच्या कडेकडे चालायला लागला. मग दुसरा, मग चांगले दहा-बारा. सासूबाईंना बोलावून दाखवलं. त्या चष्मा लावून कागदावर वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आम्ही मिरच्या निवडताना हाताला लागायचे ते." एकाच कळीत इतके! पाकळ्यांच्या बुडाशी काळे ठिपकेही आहेत. डब्यातल्या एका पाकळीवर काल राखाडी लव आलीय, दुसरी स्वच्छ. म्हणजे दोन्ही आहेत.

कळ्या कापल्या, सगळ्या. पोतंभर भरल्या. गावठीची कुंडी पाण्याच्या टाकीपलीकडे हलवली. आता विचारायचं राहिलं ते एवढंच, की कापताना फक्त कळीचं डोकं उडवायचं होतं की फांदी खालून? मी काही ठिकाणी नुसती डोकी उडवलीत. आणि पुन्हा फूल कधी दिसेल? गुढीपाडव्याला निदान ग्लॅडिएटरचं एक तरी हवं होतं.

पॉलीहाऊसवाला_मावळ

फांदी धरून खाली या. पाच पर्णिकांचं पहिलं चांगलं पान जिथे असेल, त्याच्या वर पाव इंचावर, डोळा बाहेरच्या बाजूला बघेल असा तिरका काप. नुसतं डोकं उडवलं तर वरच्या बारीक काडीतून लुकडा फुटवा येतो आणि त्यावर लुकडी कळी. जिथे डोकी उडवलीत तिथे पुन्हा एकदा कात्री लावा, अजून उशीर झालेला नाही. कात्री झाडागणिक डेटॉलच्या फडक्याने पुसा. निमुळत्या फांदीचं टोक काळं पडून खाली उतरायला लागलं तर ती फांदीमर, तेव्हा हिरवं लाकूड दिसेपर्यंत कापत या.

काप घेतल्यापासून फूल यायला या उन्हात चाळीस-पंचेचाळीस दिवस धरा. पाडवा मार्चच्या शेवटी असेल तर अवघड आहे, एप्रिलमध्ये असेल तर साधेल. नव्या फुटव्याची पानं तांबूस आणि सरळ निघाली तर फवारणी लागू पडली समजा. परत वाकडी निघाली तर नीमच्या तिसऱ्या हातानंतर स्पिनोसॅडवर जा. एप्रिल-मेची फुलं तशीही लहान येतात आणि दुपारी कडा भाजतात, त्या भाजण्याला कीड समजून पुन्हा पंप काढू नका. दुपारी दोननंतर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट ओढून ठेवा.

बोअरच्या पाण्याचं काकांनी म्हटलं तेही एकदा बघून घ्या. कुंडीच्या काठाला पांढरा थर असेल तर महिन्यातून एकदा साधं नळाचं पाणी खालच्या भोकातून वाहेपर्यंत सोडा.